प्रागहून आणलेली हिरवी बाटली, "थुजोन 35" आणि ती हिरवी परी: अ‍ॅबसिंथबद्दल जरा सविस्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे मधूनच वाचायला आलेल्यालाही कळेल. तुम्ही प्रागला फिरायला गेलात, येताना अ‍ॅबसिंथची (बडीशेपेच्या चवीची कडक दारू, टोपणनाव "हिरवी परी") 700 मिलीची भडक हिरवी बाटली घेतली, तिच्यावर 70 टक्के अल्कोहोल आणि खाली मोठ्या अक्षरात "थुजोन 35" असं छापलंय (थुजोन म्हणजे ही दारू ज्या झाडापासून करतात त्यातलं एक रसायन). एक मित्र म्हणतो ही प्यायली की भास होतात, चित्रकार व्हॅन गॉगने हिच्यापायीच कान कापला, शंभर वर्षं बंदी काय उगाच होती का. दुसरा म्हणतो साखर पेटवून प्यायची असते. आणि वहिनींचं म्हणणं की आधी ती बेसिनमध्ये ओता. तुम्ही विचारलंय "सेफ आहे का" एवढंच, पण मला वाटतं यात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. त्या झाडात खरंच काही आहे का, नसेल तर एवढ्या देशांनी बंदी का घातली, आणि तिसरा जो तुम्ही विचारलाच नाहीये, की तुमच्या बाटलीत जे आहे ते मुळात अ‍ॅबसिंथ आहे का.

मी बावीस वर्षं बारच्या मागे उभा आहे, आधी क्रूझवर, मग गोव्यात, आता पोरापोरींना बारटेंडिंग शिकवतो. डॉक्टर नाही, त्यामुळे कुणाला फिट्स येत असतील, लिव्हरचं काही असेल, झोपेच्या किंवा मेंदूच्या गोळ्या चालू असतील तर माझं ऐकू नका, डॉक्टरांना विचारा. बाकी धडधाकट माणसासाठी माझं उत्तर असं आहे की परी-बिरी काही दिसत नाही, पण 70 टक्के हा आकडा मात्र गंमत नाहीये, आणि घाबरायचंच असेल तर त्याला घाबरा, थुजोनला नाही.

आता हे असं का म्हणतोय ते सांगतो.

अ‍ॅबसिंथ ज्या झाडापासून येतं ते वर्मवुड, शास्त्रीय नाव आर्टेमिसिया अ‍ॅबसिंथियम. नाव ऐकून परकं वाटेल, पण मी मूळचा कोल्हापूरकडचा, आणि चैत्रात जोतिबाला जो दवणा वाहतात ना, तो याच आर्टेमिसिया कुळातला. आजीकडे पोटातल्या जंतांवर किरमाणी ओवा असायचा तो पण त्यातलाच. म्हणजे भावकी आपल्याकडेही आहे. स्वित्झर्लंडमध्ये बोव्हरेस म्हणून गाव आहे, तिथे वर्मवुड वाळवायची जुनी लाकडी वखार आता बघायला ठेवलीय, मी क्रूझची नोकरी सोडल्यावर तिकडे गेलो होतो, तिथे एक जुडी हातात घेऊन चुरगळली आणि डोळे मिटले तर क्षणभर जोतिबाच्या डोंगरावर असल्यासारखं वाटलं. वास तंतोतंत तोच नाही हं, दवण्याला एक गोडसर पिकल्या फळासारखी झाक असते, वर्मवुड जास्त उग्र. आणि पान जिभेला लावलं तर मग विचारू नका, काडेचिराईत बरं. अर्धा तास तोंड वाकडं होतं माझं.

आणि इथेच पहिली गोष्ट लक्षात घ्यायची. तो जो भयंकर कडूपणा आहे तो गाळल्यावर, म्हणजे डिस्टिल केल्यावर, वाफेबरोबर वर येत नाही, मागे भांड्यातच राहतो. खरं अ‍ॅबसिंथ करताना वर्मवुड, अनीस (आपल्या बडीशेपेची बारीक मावसबहीण समजा) आणि बडीशेप ही तीन मुख्य मंडळी स्ट्राँग अल्कोहोलमध्ये भिजत घालतात, मग पाणी घालून तांब्याच्या भांड्यात गाळतात, पहिली धार बाजूला काढतात, शेवटची पण बाजूला. (आपल्याकडे "पहिल्या धारेची" म्हणून मिरवतात, तिकडे ती कोणी ग्लासात घेत नाही.) मधली जी स्वच्छ पांढरी धार येते तिच्यात परत थोडी छोटी वर्मवुड, हिसॉप, मेलिसा असली पानं टाकून गरम करतात, त्या पानांचं हरितद्रव्य उतरतं आणि तो हिरवा रंग येतो. म्हणजे हिरवा रंग हा खरा पालेभाजीचा रंग आहे, आणि पालेभाजीसारखाच तो उजेडात आणि काळानुसार मरतो, जुनी बाटली पिवळट तपकिरी होते. त्यामुळे पारदर्शक काचेतून ट्रॅफिक सिग्नलसारखं हिरवंगार काही चमकत असेल तर माझा हात आधी मागच्या लेबलकडे जातो.

हे सगळं सुरू झालं स्वित्झर्लंडच्या व्हाल-द-त्राव्हेर खोऱ्यात, कुव्हे नावाच्या गावात, अठराव्या शतकाच्या शेवटी. पिएर ऑर्डिनेर नावाच्या फ्रेंच डॉक्टरने हे औषध म्हणून शोधलं अशी एक कथा सांगतात, आणि तिथल्या आन्रियो घराण्यातल्या बायका आधीपासूनच करत होत्या अशी दुसरी. मला दुसरी जास्त पटते, कारण काढे-अर्क हे जगात सगळीकडे आधी घरातल्या बाईच्या हातचे असतात आणि नंतर कुणातरी डॉक्टरच्या नावावर लागतात. कागदावर पक्कं काय तर 1797 ला दुबिए नावाच्या मेजरने ती कृती विकत घेतली, मुलगा आणि जावई आंरी-लुई पेर्नो यांना घेऊन कुव्हेत भट्टी टाकली, आणि 1805 ला जावईबापूंनी सीमेपलीकडे फ्रान्समध्ये पोंतार्लिएला स्वतःचा कारखाना काढला. पेर्नो हे नाव तुम्ही आजही बाटल्यांवर बघता.

मग 1830-40 च्या दशकात फ्रेंच फौज अल्जीरियात लढत होती, तिथे ताप आणि घाण पाण्यावर उपाय म्हणून शिपायांना अ‍ॅबसिंथ मिळायचं. शिपाई घरी परतले ते ही चव घेऊनच, आणि ऑफिसरलोक कॅफेत बसून तीच मागवतायत म्हटल्यावर पॅरिसच्या शेठलोकांनी पण सुरू केलं. संध्याकाळी पाचच्या सुमाराला तिकडे "हिरवी वेळ" म्हणायला लागले, आपल्याकडे चहाची वेळ असते तशी. तरी तोपर्यंत ती महागडी फॅशन होती. ती गल्लीबोळात पोचली त्याचं कारण एक किडा. 1860 नंतर फिलॉक्सेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किड्याने फ्रान्सच्या द्राक्षबागा झोपवल्या, वाइन महाग झाली, मिळेना, आणि त्याच काळात बीटाच्या स्वस्त अल्कोहोलवर अ‍ॅबसिंथ करणारे शेकड्यांनी उगवले. नाशिक-सांगलीच्या बागाइतदाराला वेगळं सांगायला नको, बाग एकदा गेली की परत लावून माल यायला किती वर्षं जातात. फ्रान्सच्या बागा परत उभ्या राहिल्या तोवर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात बसलेलं. 1910 च्या आसपास फ्रान्समध्ये वर्षाला साधारण 36 दशलक्ष लिटर अ‍ॅबसिंथ खपत होतं असा आकडा सांगतात.

आता बंदीचं राजकारण समजायला सोपं जाईल. द्राक्षवाल्यांना ही बया बाजारातून जायला हवी होती, दारूबंदीवाल्यांना समाज सुधारायचा होता, आणि गंमत म्हणजे त्या काळातल्या बऱ्याच फ्रेंच दारूबंदीवाल्यांना वाइन ही दारू वाटतच नव्हती, ते तर आरोग्यदायी पेय. दोघांचं जमलं. फक्त शास्त्राचा शिक्का हवा होता, तो दिला पॅरिसच्या सेंत-आन मनोरुग्णालयातल्या वालांतें मान्यां या डॉक्टरने. त्याने गिनीपिगला वर्मवुडच्या शुद्ध तेलाची वाफ दिली, त्याला झटके आले, दुसऱ्याला साध्या अल्कोहोलची वाफ दिली, तो नुसता झिंगला, आणि यावरून त्याने "अ‍ॅबसिंथचं वेड" हा दारूच्या व्यसनाहून वेगळा रोग आहे असं मांडलं. लंडनच्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने 1869 लाच विचारलं होतं की अहो, शुद्ध तेलाची वाफ कुठे आणि पाणी घालून प्यायलेला ग्लास कुठे. हे म्हणजे लवंगेच्या तेलाची बाटली उंदराला पाजायची, तो मेला की मसालेभातावर बंदी घालायची. पण लॅन्सेटकडे कोण लक्ष देतंय.

आणि मग 28 ऑगस्ट 1905 ला स्वित्झर्लंडच्या कोम्युन्यी गावात ते प्रकरण घडलं. जां लानफ्रे नावाच्या मजुराने सकाळपासून काय काय ढोसलं त्याची यादी कोर्टात आली होती, दिवसभरात लिटरांनी वाइन, ब्रँडी, पेपरमिंटची दारू, ब्रँडी घातलेली कॉफी, आणि पहाटे अ‍ॅबसिंथचे दोन ग्लास. संध्याकाळी बूट पॉलिश केले नाहीत म्हणून बायकोशी भांडण झालं, त्याने बंदूक काढली, गरोदर बायकोला मारलं, दोन लहान मुलींना मारलं. पेपरात काय छापून आलं? अ‍ॅबसिंथने केलेला खून. ती सगळी वाइन कुणाला दिसलीच नाही कारण वाइन तर रोजचीच. माझ्या मते अख्ख्या अ‍ॅबसिंथच्या इतिहासात या एका यादीएवढं बोलकं काही नाही, मी क्लासमध्ये ती फळ्यावर लिहितो आणि पोरांना विचारतो, सांगा गुन्हेगार कोण. एकजण तर म्हणाला सर, कॉफी.

हसायची गोष्ट नाही तशी, तीन जीव गेले होते. पण त्यानंतर बंदीसाठी 82,000 सह्या जमल्या, व्हो प्रांताने 1906 ला बंदी घातली, 1908 ला अख्ख्या देशात सार्वमत झालं, 1910 पासून स्वित्झर्लंडभर बंद. बेल्जियम, हॉलंड, 1912 ला अमेरिका, आणि युद्ध पेटल्यावर 1915 ला फ्रान्स. ब्रिटनने कधी बंदी घातलीच नाही, आणि तिकडे काही लोक वेडे होऊन रस्त्यावर फिरत नव्हते, एवढं एक उदाहरण पण पुरे आहे खरं तर. व्हाल-द-त्राव्हेरमधले लोक मात्र बंदीनंतरही घरात, गोठ्यात गाळतच राहिले, फक्त शेवटचं पानं घालून हिरवं करायचं काम सोडून दिलं, बिनरंगाची बाटली पटकन लपवता येते ना. तिला ते "ब्ल्यू" म्हणतात. आपल्याकडे मुंबई इलाख्यात दारूबंदी आली तेव्हा आंटीच्या खोलीत काय चालायचं ते ज्यांनी घरातल्या मोठ्यांकडून ऐकलंय त्यांना हे चित्र लगेच कळेल. 2005 ला तिकडे बंदी उठली, आणि मोतिए गावात ज्या इमारतीत या हातभट्टीवाल्यांवर खटले चालायचे तिथेच आता अ‍ॅबसिंथचं म्युझियम आहे.

आता तुमच्या लेबलवरचा थुजोन. थुजोन हे वर्मवुडमधलं एक रसायन आहे, आणि ते अगदी निरुपद्रवी आहे असं मी म्हणणार नाही, भरपूर पोटात गेलं तर मेंदूतला जो ब्रेक असतो, गाबा, त्यात ते खोडा घालतं आणि झटके येतात. झटके, भास नाही. भासांची कथा वाढली कारण 1975 च्या सुमाराला कुणीतरी मांडलं की थुजोनच्या रेणूचा आकार गांजातल्या रसायनासारखा दिसतो, तर काम पण तसंच करत असेल. नंतर तपासलं तर तसं काही निघालं नाही. पण तोवर अफवा जगभर फिरून आली होती.

आणि भरपूर म्हणजे किती? जुन्या अ‍ॅबसिंथमध्ये लिटरला 260 मिलिग्रॅम थुजोन असायचं असा अंदाज बरीच वर्षं सगळे उचलून लिहायचे. मग 2008 ला बंदीपूर्वीच्या 13 सीलबंद बाटल्या खरोखर प्रयोगशाळेत तपासल्या, सरासरी निघाली लिटरला साधारण 25 मिलिग्रॅम, सगळ्यात जास्त होती ती 48 च्या आसपास. म्हणजे व्हॅन गॉगच्या काळातला माल आणि आजचा चांगला माल यात थुजोनच्या बाबतीत फार फरक नाही. युरोपात आजची मर्यादा किलोला 35 मिलिग्रॅम. तुमच्या बाटलीवरचा 35 तो हाच, म्हणजे "कायद्याने याच्या पुढे जाता येत नाही" हा आकडा त्यांनी "बघा किती पॉवरफुल" म्हणून छापलाय. एसटीवर "कमाल वेग 80" लिहिलेलं बघून लोकांनी खूश व्हावं तसं.

हिशोब करून बघा. 30 मिली पेगमध्ये जास्तीत जास्त एक मिलिग्रॅमच्या आत थुजोन. त्याच पेगमध्ये 21 मिली शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडची व्हिस्की 42.8 टक्के असते, तिच्या 30 मध्ये 13 मिलीपेक्षा थोडं कमी. म्हणजे अ‍ॅबसिंथचा लार्ज घेतलात तर व्हिस्कीचे तीन स्मॉल पोटात गेले आणि तुम्ही मोजलेत दोनच. अख्खी बाटली कुणी संपवली तर थुजोन वीस-बावीस मिलिग्रॅम आणि अल्कोहोल जवळपास अर्धा लिटर, मग थुजोनची पाळी यायच्या आधी माणूस आयसीयूत किंवा त्याच्या पुढे. पैज लावून बाटली तोंडाला लावणारे प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतात, त्याच्या हातात ही देऊ नका.

पण मग त्या काळात लोक खरंच बरबाद झाले ते काय खोटं होतं? नाही, खोटं नव्हतं. दिवसाला आठ-दहा ग्लास 60-70 टक्क्यांची दारू उपाशीपोटी वर्षानुवर्षं पीत राहिलं तर हात थरथरणं, भास, फिट्स हे सगळं होतंच, विशेषतः अचानक सोडली की, आपल्याकडे व्यसनमुक्ती केंद्रात काम करणाऱ्या कुणालाही विचारा, तिथे अ‍ॅबसिंथ कुणी बघितलेलीही नसते. शिवाय स्वस्त मालात भेसळ. पानांऐवजी हिरव्या रंगासाठी मोरचूद, पाणी घातल्यावर दुधट दिसावं म्हणून अँटिमनीचं क्लोराइड, आणि खाली अल्कोहोल कसलं ते देवाला माहीत. हातभट्टीत नवसागर टाकणाऱ्यांचीच ही फ्रेंच शाखा. त्यामुळे "तेव्हा धोका होता का" याचं उत्तर कुठली बाटली आणि कुणाच्या हातची यावर होतं, पेर्नोची 68 टक्केवाली आणि कोपऱ्यावरची दोन पैशाची या एकाच नावाने ओळखल्या जायच्या एवढंच.

व्हॅन गॉगबद्दल एकच सांगतो. तो अ‍ॅबसिंथ प्यायचा, 1887 ला त्याने टेबलावरच्या अ‍ॅबसिंथच्या ग्लासाचं चित्र पण काढलंय. डिसेंबर 1888 मध्ये कानाचं प्रकरण झालं तेव्हा चित्रकार मित्र गोगँशी भांडण, उपासमार, मनाचा आजार आणि सगळ्या प्रकारची दारू असं बरंच काही एकत्र होतं. त्यातली एकच बाटली उचलून पोस्टर बनवलं की विक्री चांगली होते, बाकी काही नाही.

जाता जाता एक किस्सा सांगायचा मोह आवरत नाही. 11 ऑगस्ट 1901 ला पोंतार्लिएच्या पेर्नो कारखान्यावर वीज पडली, आग लागली, स्फोट होऊ नये म्हणून एका कामगाराने टाक्या उघडून सगळं अ‍ॅबसिंथ दू नदीत सोडून दिलं. दोन-तीन दिवसांनी कित्येक किलोमीटर लांब, वेगळ्याच लू नदीच्या उगमाला अ‍ॅबसिंथचा वास यायला लागला! तेव्हा कळलं की दूचं पाणी जमिनीखालून तिकडे जातं. भूगोलासाठी एवढी महाग पार्टी कुणी दिली नसेल.

आता साखर पेटवणं. हे जुनं नाही, हे 1990 च्या दशकातलं चेक बारचं नाटक आहे, पर्यटकांना आवडलं आणि तिथून जगभर गेलं. तुमच्या प्रागमधूनच. जुन्या फ्रान्समध्ये कुणी अ‍ॅबसिंथला काडी लावली असती तर बारवाल्याने हाकललं असतं. गोव्यात असताना एका पार्टीत हट्ट धरला म्हणून आमच्या एका पोराने चमचा पेटवला, ज्वाळ दिसली नाही कारण दिवसाउजेडी अल्कोहोलची ज्वाळ नीट दिसतच नाही, विझली समजून वरून बाटली वाकडी केली आणि धार पेटत वर आली. बाटली सोडली त्याने, भुवया गेल्या, टेबलक्लॉथ गेला, नशिबाने तेवढ्यावर भागलं. तेव्हापासून माझ्या क्लासमध्ये अ‍ॅबसिंथ आणि लायटर एका टेबलावर ठेवायचं नाही हा नियम आहे.

खरी पद्धत अगदी शांतपणाची आहे. 30 मिली ग्लासात, त्यावर जाळीचा चमचा, चमच्यावर एक साखरेचा क्यूब (ऐच्छिक आहे, चांगल्या मालाला लागत नाही), आणि वरून बर्फाचं पाणी थेंब थेंब. घाई नाही. पहिल्या काही थेंबांना काही होत नाही, मग तळाशी धुराची रेघ वळवळल्यासारखी दिसते, आणि बघता बघता सगळा ग्लास दुधट हिरवा होतो. बादलीत डेटॉल टाकल्यावर होतं ना, तत्त्व तेच, अनीस-बडीशेपेचं तेल अल्कोहोलमध्ये विरघळलेलं असतं, पाणी वाढलं की ते बाहेर पडून बारीक थेंबांनी तरंगतं. एकाला तीन ते पाच पट पाणी घाला, म्हणजे तुमची 70 टक्के उतरून 12 ते 17 च्या आसपास येते, वाइनच्या जवळपास. म्हणूनच ती मुळात एवढी स्ट्राँग भरतात, तेल विरघळून राहावं म्हणून, पाणी न घालता मारावी म्हणून नाही. चव बडीशेपेच्या गोळीसारखी, मागे हलकासा कडवट झाडपाला. ज्यांना बडीशेप आवडत नाही त्यांनी यात पडूच नये, परी काय, खुद्द इंद्र आला तरी आवडणार नाही.

तर तुमच्या बाटलीचं काय. चेक "अ‍ॅबसिंथ" म्हणून जी पर्यटकांना विकतात त्यातली बरीचशी गाळलेली नसतातच, स्पिरिटमध्ये अर्क आणि रंग मिसळलेला, अनीस नावाला. तिथेही अलीकडे काहीजण चांगला माल करतात, त्यामुळे न बघता निकाल देत नाही. मागे ई 102 किंवा ई 133 असे रंग लिहिलेत का बघा. एक चमचा ग्लासात घ्या, चार चमचे गार पाणी हळूहळू घाला. दुधट झालं तर अनीस तरी आहे, नुसतं फिकट हिरवं पाणी झालं आणि जिभेवर कडू जहर लागलं तर तुम्ही 70 टक्क्यांचा रंगीत काढा घेतलाय. तसं असेल तर वहिनींचं बेसिनवालं मत एकदम वाईट नाही, फक्त ओतताना शेजारी गॅस चालू ठेवू नका. आणि दुधट झाली तर बाटली अंधाऱ्या कपाटात ठेवा, फ्रीजमध्ये नको, अनीसचं तेल थंडीत साकळतं.

पाणी घालून काय झालं ते आणि मागच्या लेबलचा फोटो टाका, मग ठरवू.